तबकडी-तपासणी, संगणकीय
घरगुती संगणकाच्या तबकडीवरील फायलींच्या नोंदी परस्परांशी जुळतात की नाही हे पाहून शक्य तेथे त्या जुळविणारी आज्ञावली. टिम पॅटर्सन यांच्या ८६-डॉस प्रणालीतील 'चेकडिस्क' ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीच्या डॉसबरोबर सामान्य वापरात आली. या प्रणालीत तबकडीवरील जागा समूहांत विभागलेली असून कोणत्या समूहानंतर कोणता, ही साखळी 'फॅट' या कोष्टकात नोंदलेली असते. लेखन चालू असता वीज गेल्यास नोंद अपुरी राहते. मग काही समूहांना फाईलच उरत नाही, तर क्वचित एकाच समूहावर दोन फायली हक्क सांगतात. निराधार साखळ्यांना चेकडिस्क 'फाइल००००.सीएचके' अशी नावे देते. अशा दुरुस्तीने कोष्टक सुसंगत होते, मजकूर परत मिळतोच असे नाही. हा भेद पुष्कळांना नुकसान झाल्यावरच कळला.

एमएस-डॉस ५.० (१९९१) मध्ये तर दुरुस्तीच घातक ठरली. विशिष्ट आकाराच्या विभागांवर ती चालविल्यास शाबूत मजकूर बिघडू शकत असे. त्याच वर्षी ५.०ए आवृत्तीत हा दोष काढण्यात आला. १९९३ च्या ६.२ आवृत्तीतील 'स्कॅनडिस्क' पृष्ठभागही तपासू लागली आणि केलेले बदल मागे घेता यावेत म्हणून वेगळ्या तबकडीवर त्यांची नोंद ठेवण्याची सोय तीत होती. विंडोज ९५ च्या १९९६ मधील सुधारित आवृत्तीपासून संगणक अयोग्य रीतीने बंद पडल्यास ती आपोआप चालू होई. विंडोज ८ (२०१२) मध्ये बहुतेक तपासणी काम चालू असतानाच होऊ लागली व संगणक अडवून ठेवणारा वेळ सापडलेल्या दोषांपुरताच उरला.