तळ्याखालची भाजी

मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीबद्दल बोललो. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणं घेतलं, पुढे ते राजांकडे आलं, आणि १६८७ मध्ये मोगलांनी ते घेईपर्यंत भोसल्यांकडेच राहिलं. तो भाग पाहून माझ्या एका जुन्या मित्राने फोन केला. म्हणाला, "कर्नलसाहेब, तुम्ही तटबंदी सांगितलीत, तोफा सांगितल्यात. पण एवढी माणसं खात काय होती?" बत्तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागला, याची मला थोडी लाजच वाटली. म्हणून आजचा भाग रसदीचा. त्यातही धान्याचा नाही, भाजीचा.

मी चामराजपेटेत राहतो. ही वस्ती १८९२ साली आखली गेली आणि तिला महाराजा चामराजेंद्र वडियारांचं नाव मिळालं. आमच्या पेठेच्या पूर्वेच्या टोकाला के. आर. मार्केट, म्हणजे शहराचा जुना भाजीबाजार. पहाटे चारला जाऊन पाहा, कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग माणसाच्या कमरेएवढे असतात. हा बाजार उभा आहे ती जागा एके काळी सिद्दीकट्टे नावाचं तळं होती. पलीकडे गविपुरमच्या बाजूला केंपांबुधी तळं. रेल्वे स्टेशनसमोरचं मोठं बसस्थानक धर्मांबुधी तळ्यात आहे आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्यात.

बेंगळुरूला मोठी नदी नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, उताराच्या जमिनीवर वसलेलं. म्हणून जुन्या लोकांनी उतारावर बांध घालून एकाखाली एक अशी तळी केली. वरचं भरलं की सांडवा खालच्या तळ्यात. बांधाच्या खालच्या अंगाला भात, आणि तळ्याच्या पाझराने ज्या विहिरी भरत त्यांच्याभोवती भाजीचे वाफे. पाणी कुणाला, किती वेळ, कोणत्या दिवशी, हे ठरलेलं असे. ते सोडण्याचं काम गावाने नेमलेल्या माणसाकडे होतं. त्याला नीरगंटी म्हणत. त्याच्या कामाचा मोबदला गाव पिकातून देई. तळं सरकारी वाटलं तरी चालवायचं गावानेच, ही त्यातली गोम.

वाफे पिकवणारे मुख्यतः तिगळ समाजाचे लोक. हैदरअलीने १७६० मध्ये लालबाग सुरू केली तेव्हा तिथे राबलेले हात याच समाजाचे होते, असं सांगतात. दंटू म्हणजे राजगिऱ्याची पालेभाजी, मेथी, शेपू, आणि हिवाळ्यात अवरेकाई, जी आपल्या पावट्याची चुलत बहीण. लालबागेमुळे परदेशी भाज्याही आसपासच्या शेतांत उतरल्या. चायोटी नावाच्या भाजीला तमिळ लोक आजही 'बेंगळुरू वांगं' म्हणतात, यावरून काय ते समजा.

मग हे बिघडलं कुठे? माझ्या मते नळात. १८९०च्या दशकात हेसरघट्ट्याहून शहराला नळाचं पाणी आलं. घरात तोटी आल्यावर तळं कुणाचंच राहिलं नाही. गाळ काढणं थांबलं, सांडपाणी शिरलं, डास झाले, आणि 'ही घाण बुजवा' असं शहाणी माणसंच म्हणू लागली. तळी बुजली तशा विहिरी आटल्या आणि वाफे शहराबाहेर होसकोटे, मालूर, कोलारकडे सरकले. भाजी लांब गेली तसा मधे दलाल आला. त्यावर उतारा म्हणून एम. एच. मरीगौडा या उद्यानतज्ज्ञांच्या पुढाकाराने १९५९ साली द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था निघाली. पुढे तिने बाकीची फळं आणि भाज्याही घेतल्या. आज ती 'हॉपकॉम्स' म्हणून ओळखली जाते.

आता थोडं फौजेबद्दल, नाहीतर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. १९६५ साली शास्त्रीजींनी आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालवला, हे आम्हाला शाळेत सांगत. त्या भरात मी कॅप्टन असताना युनिटच्या मोकळ्या जागेत भाजी लावून घेतली. सगळीकडे मुळा, कारण तो लवकर येतो. सव्वा महिन्याने लंगरात रोज मुळा. जवान काही बोलले नाहीत, पण सुभेदारसाहेब म्हणाले, "साहब, दुश्मन को भी इतनी मूली नहीं खिलाते." पेरणी टप्प्याटप्प्याने आणि मिश्र करायची असते, हे मी तिथे शिकलो.

लडाखमध्ये मात्र हे काम नीट झालेलं पाहिलं. १९६२ पासून लेहला संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. उंचावरच्या थंडीत भाजी कशी घ्यायची, हा तिचा विषय. तिथले शेतकरी आपल्या सहकारी संस्थांमार्फत सैन्याला ताजी भाजी देतात. जे विमानाने आणावं लागलं असतं, ते गावातून येतं आणि पैसाही गावात राहतो.

आणि आपल्याकडे? माझी सासुरवाडी मिरज तालुक्यातली. चहूकडे द्राक्षबागा, ठिबक सिंचन, सगळं आहे. पण वहिनी मेथीची जुडी आठवडी बाजारातून आणतात, आणि ती बाजारात येते शहरातून. 'उमेद'च्या बचत गटांनी पोषण परसबागा लावायला घेतल्या, शाळांतही परसबागा आहेत. चांगली गोष्ट आहे. पण मी पाहिलेल्या बऱ्याच परसबागा फेब्रुवारीत वाळलेल्या होत्या. बियाण्याची पाकिटं वाटली गेली, पाण्याची पाळी मात्र कुणी ठरवली नव्हती. वहिनींना मी नीरगंटीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "भावजी, तो माणूस नेमणार कोण? आणि त्याला द्यायचं कुणी?" मी उत्तर दिलं नाही. पुढच्या खेपेला गटाच्या बैठकीला येतो म्हणालो.

चैत्र पौर्णिमेच्या रात्री तिगळांचा करग निघतो. धर्मराय देवळातून निघालेली मिरवणूक पेठेतून फिरते, तवक्कल मस्तान दर्ग्यालाही जाते. या उत्सवाचे काही विधी पाण्याकाठी करावे लागतात. त्यासाठी स्टेडियमच्या कडेला संपंगी तळ्याचा एक चौकोनी तुकडा अजून राखून ठेवलेला आहे. बेंगळुरूला आलात तर तो जरूर पाहा. पुढच्या भागात विहिरी आणि मोट. नमस्कार.