फळझाडांचे बोन्साय

फळझाडांचे बोन्साय : उथळ कुंडीत मुळे व फांद्या छाटून खुजे राखलेले फलधारी झाड. चीनमधील आठव्या शतकारंभीच्या राजपुत्र जांगहुआई याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत अशी कुंडी दिसते. पुढे जपानात ही कला परिणत झाली (पहा : पेनजिंग). झाडाची निवड स्थळानुसार करावी; उदा., तापीच्या मुखाशी असलेल्या सुरतेजवळील हजीऱ्यात, जेथे समुद्राचा खारा वारा वाहतो व जमिनीतील क्षारांची खबरदारी घ्यावीच लागते, तेथे क्षार बऱ्यापैकी सोसणारे, छाट कलमाने सहज रुजणारे आणि नव्या फुटीवर फुलणारे डाळिंब नवशिक्यास सर्वांत सोयीचे (पहा : डाळिंब), चिकूही तग धरतो, पण मंद वाढतो, तर लिंबास क्षार मानवत नाहीत. छाटणीने पाने लहान होतात, फळ मात्र जातीच्या स्वाभाविक आकाराचेच राहते, ही गोष्ट नवशिके बहुधा विसरतात; म्हणून बुटक्या डाळिंबासारखी लहान फळांची जात इष्ट, आणि मोजकीच फळे राखून उरलेली कोवळेपणीच खुडावीत. कुंडीतील मातीच्या मिश्रणात जाडसर वाळू मुबलक असावी, पाणी शक्यतो साठविलेल्या पावसाचे द्यावे. हिवाळा सरताना, पालवीपूर्वी, दर एक-दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश मुळे कापून पुनर्रोपण करतात (पहा : छाट कलम).