कागद एकीकडे, खाचर एकीकडे

आज आपण शंभर वर्षांपूर्वीच्या खरेदी-विक्रीबद्दल बोलणार आहोत. भाताची, मिठाची, हिरड्याची आणि शेवटी जमिनीची खरेदी-विक्री. ठिकाण आहे मुळशीचं खोरं, पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत. तेव्हा त्याला मुळशी पेटा म्हणत. मुळशी म्हटलं की आज आपल्याला धरण आणि पावसाळी सहली आठवतात. पण त्या पाण्याखाली कुणाची तरी खाचरं आहेत. ती विकली कुणी, पैसे घेतले कुणी आणि घर सोडून गेलं कोण, हे समजून घ्यायचं तर आधी तिथला बाजार समजून घ्यायला हवा.

मावळातली जमीन दोन तऱ्हेची. नदीकाठची आणि उताराला बांध घालून केलेली भातखाचरं ही सोन्याची जमीन. वरची डोंगरउताराची वरकस जमीन नाचणी-वरईची. त्यातही सगळी वरकस दर वर्षी पिकत नाही, तिला मधे काही वर्षं पडीक ठेवावं लागतं. शिवाय भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, शेण, गवत हवं. ते येणार रानातून. म्हणजे खाचर एकटं नसतं. त्याच्यामागे वरकस, गुरचरण, रान, ओढा असा सगळा गोतावळा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे किंमत ठरली ती मुख्यतः खाचराची.

या मातीत आंबेमोहोर पिकायचा. एका घरी शिजला तर शेजारी कळावं, असा त्याचा वास. पण पिकवणाऱ्याच्या चुलीवर रोज नाचणीची भाकरी आणि वरईचा भात. आंबेमोहोर जायचा विकायला, पुण्याच्या वाटेनं. सुगी झाली की सरकारी साऱ्याचा हप्ता यायचा आणि सारा रोख भरायचा असे. गावात रोकड फार कमी. लोहार, सुतार, न्हावी यांना वर्षाचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळे. मीठ आणि सुकट कोकणातून घाट चढून यायची, तीही पुष्कळदा भातावर घेतली जाई. गवळी-धनगर डोंगरावरून तूप घेऊन उतरत. बायका कोंबड्या, अंडी, करवंदं, जांभळं विकून चार पैसे गाठीला बांधत. हिरडा गोळा करण्याचं कामही पुष्कळसं त्यांचंच. हा हिरडा कातडी कमावायला लागे, म्हणून त्याला लांबची मागणी होती. पण सरकारी जंगलातल्या हिरड्याचा लिलाव व्हायचा, मक्ता ठेकेदाराकडे जायचा आणि वेचणारीच्या हाती पडायची ती मजुरी.

आता या व्यवहारातली मेख पाहा. सारा भरायला रोकड हवी म्हणून भात विकायचं सुगीत, जेव्हा सगळेच विकतात आणि भाव पडलेला असतो. आणि भात विकत किंवा उसनं घ्यायचं आषाढात, जेव्हा कणग्या रिकाम्या, लावणीचं काम अंगावर आणि भाव चढलेला. स्वस्तात विकायचं, महागात घ्यायचं. घरात कणगीचा तळ कधी दिसायला लागला हे पहिल्यांदा बाईला कळायचं, कारण मापटं तिच्या हातात असायचं. मग सावकाराकडून खावटी आणायची. तिचा हिशेब वाढीदिढीचा: आषाढात एक मण भात आणलं तर सुगीला दीड मण घालायचं. चार-पाच महिन्यांत अर्धा मण वाढ! एखाद्या वर्षी पीक बुडालं की तो दीड मण मुद्दल होऊन बसायचा आणि त्यावर पुन्हा दिढी. आधी अंगावरचे डाग जायचे, मग बैल, मग जमीन गहाण पडायची.

सावकारीविरुद्ध पुणे जिल्ह्यातले शेतकरी याआधी एकदा उठले होते. १८७५ साली सुप्यापासून दंगे सुरू झाले. लोकांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. राग कागदावर होता. त्यातून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. कोर्टानं कर्जाचा हिशेब मुळापासून तपासावा, शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर व्हावा, अशा तरतुदी त्यात होत्या. चांगल्याच होत्या. पण सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचं आणि तोंडानं सांगायचं, "पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन." वचन तोंडी, विक्री कागदावर.

पुढे काय व्हायचं? वरवर पाहता काहीच नाही! ज्यानं जमीन लिहून दिली तोच दुसऱ्या दिवशी त्याच खाचरात नांगर धरायचा. फक्त आता त्यानं सावकाराला कबुलायत लिहून दिलेली असे: अमुक इतका खंड देईन किंवा अर्धेलीनं कसेन. त्याची बायको तीच रोपं लावायची, त्याच बांधावर भाकरी सोडायची. गाव त्या खाचराला त्याच घराच्या नावानं ओळखायचं. आपल्या भाषेतही याची खूण आहे. सावकाराचा देणेकरी तो 'कूळ' आणि जमीनदाराची जमीन कसणारा तोही 'कूळ'. एकाच शब्दात मालकाचा देणेकरी झाला आणि देणेकऱ्याचा खंडकरी. अशा रीतीनं मुळशी खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावावर गेली होती. ही जमिनीची पहिली विक्री. तिच्यात कुणी घर सोडलं नाही, म्हणून तिचा आवाजही झाला नाही.

दुसऱ्या विक्रीचा आवाज मात्र देशभर गेला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी सह्याद्रीतलं पाणी अडवून कोकणात सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची, अशी योजना आखली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. १९१९ मध्ये नवी कंपनी निघाली आणि मुळा-नीला या नद्यांच्या संगमाशी धरण बांधायचं ठरलं. पन्नासच्या आसपास गावं आणि दहा हजारांहून अधिक माणसं त्याच्या झळेत येणार होती. जमीन घ्यायची होती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं. या कायद्यात विकणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. सरकारनं सार्वजनिक कारण जाहीर करायचं, कलेक्टरनं बाजारभाव ठरवायचा, सक्तीनं घेतो म्हणून त्यावर शेकडा १५ जास्त द्यायचे, की झाली खरेदी.

पैसे कुणाला? कागदावर ज्याचा हक्क त्याला. पुण्यातल्या जमीनदाराला या व्यवहारात दुःख वाटायचं फारसं कारण नव्हतं. त्याच्या लेखी जमीन म्हणजे गुंतवलेली रक्कम, ती वाढून परत येत होती. त्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांचं लक्ष मोबदल्याकडे होतं. गहाण टाकलेल्या जमिनीच्या पैशातून आधी सावकाराचं देणं वजा. कसणाऱ्या कुळाच्या हाती काय? ज्या घराचं स्वतःचं खाचर होतं त्यालाही बांधाच्या आतल्या जमिनीचे पैसे मिळणार. पण राबाचं रान, गुरांचा चारा, देवाची जागा, लोहाराचं बलुतं, मीठ घेऊन येणारी घाटवाट यांना बाजारभाव कुठून आणणार? आणि रोख रकमेनं दुसरं भाताचं खोरं विकत मिळत नाही. म्हणून मावळ्यांची घोषणा होती, "जान किंवा जमीन". ते दर वाढवून मागत नव्हते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. याच लढ्यानं बापटांना 'सेनापती' हे नाव दिलं. मावळातल्या बायकाही सत्याग्रहात उतरल्या. काही महिने काम थांबलंही. पण लढ्यात एक भेग सुरुवातीपासून होती. ज्यांच्या नावावर जमीन होती आणि ज्यांचे हात त्या जमिनीत होते, ती माणसं वेगळी होती. पुण्यातल्या मालकांची पावलं मोबदल्याकडे वळली आणि कुळांची बाजू उघडी पडली. १९२४ पर्यंत झुंज चालली, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९२७ मध्ये भिऱ्याच्या वीजघरात मुळशीच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली.

आता एक हिशेब करू. मुंबई इलाख्यात कूळकायदा आला १९४८ मध्ये. त्याच कायद्यानं पुढे १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला, ज्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. मुळशीचं पाणी त्याच्या तीस वर्षं आधी चढलं. तोवर ती खाचरं कोरडी राहिली असती, तर त्यातल्या कितीतरी कुळांना कायद्यानं मालक म्हटलं असतं. पण बुडालेल्या खाचराचं कूळ कोण होणार?

आणि मैत्रिणींनो, या सगळ्यात बाई कुठे होती? रोप लावणारी तीच, हिरडा वेचणारी तीच, वाढीदिढीचं भात डोक्यावर आणणारीही तीच. पण सहसा गहाणखतात ती नाही, कबुलायतीत नाही आणि मोबदल्याच्या यादीतही नाही. कूळ निदान कागदाच्या कडेला तरी होतं. तिला कडाही नव्हती.

म्हणून ही जुनी गोष्ट आज सांगावीशी वाटली. आता सातबारा मोबाइलवर पाहता येतो. एकदा उघडा आणि आपलं नाव कुठे आहे ते बघा. भोगवटादाराच्या जागी आहे, 'इतर अधिकारा'त आहे, की कुठेच नाही? दोन्हींत फार अंतर आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. तरीही रस्ता, धरण किंवा वसाहत यायची चाहूल लागली, जमिनीचा भाव चढला, की बहिणीकडे हक्कसोडपत्र येतं. भाऊ प्रेमानं म्हणतो, "ताई, सही कर, तुला काही कमी पडू देणार नाही." कदाचित तो पाळेलही. पण मावळातल्या सावकारानं दिलं होतं ते वचनही तोंडीच होतं.

हक्क सोडायचा की ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ठरवण्याआधी तो कागद वाचा, वाचता येत नसेल तर परक्या, भरवशाच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणासाठीही देऊ नका. खाचरात कितीही पिढ्या राबल्या असल्या, तरी पैसे वाटायची वेळ येते तेव्हा विचारलं जातं ते कागदालाच.