मिशनची शाळा, महारवाड्याची पाटी : नगर जिल्ह्याचा एक हिशोब



दरवर्षी 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला म्हणतो, "मिशनरी आले नसते तर तुम्ही आजही मेलेली ढोरे ओढत बसला असता." दुसरा म्हणतो, "मिशनऱ्यांना शिक्षणाशी काही देणेघेणे नव्हते, भाकरीचे आमिष दाखवून त्यांनी तुम्हाला बाटवले." वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. पण नीट वाचा. पहिल्याच्या लेखी आपले पूर्वज भिकारी आहेत, दुसऱ्याच्या लेखी मूर्ख. आपल्या माणसांनी स्वतः विचार केला, स्वतः पाऊल उचलले, ही शक्यता दोघांनाही मान्य नाही.

म्हणून हा विषय एकदा इतिहासाच्या आधारे तपासला पाहिजे. त्यासाठी आजच्या अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. इथे आधी अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनच्या शाळा आल्या, नंतर कॅथलिक जेझुइट फादरांच्या.

आधी त्या काळी दुसरे कोणते दार उघडे होते ते पाहू. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1824 साली शिक्षणावर एक टिपण लिहिले. त्यात तो मान्य करतो की, सर्वांत खालच्या जातींची मुले सर्वांत चांगले विद्यार्थी ठरतात असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे. आणि लगेच बजावतो की, या लोकांना खास उत्तेजन देताना जपून राहावे, कारण शिक्षणाने आधी त्यांच्यात मूळ धरले तर ते वरच्या जातींत पसरणारच नाही! बाबासाहेबांनी 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात हे टिपण मुद्दाम समोर ठेवले आहे. पोरे हुशार आहेत हे सरकारला ठाऊक होते आणि ठाऊक असूनच दार बंद ठेवले होते. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारताना सरकारने कारण दिले की, एका मुलासाठी शाळा बाकी सर्वांना निरुपयोगी होईल. 1881-82 च्या आकडेवारीत मुंबई इलाख्यातल्या कॉलेजांत अस्पृश्य विद्यार्थ्यांची संख्या शून्य आहे.

शून्य! हा आकडा लक्षात ठेवा आणि मग मिशनच्या शाळेकडे वळा.

अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये ठाणे मांडले 1831 साली. 1839 मध्ये सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईहून नगरला आली आणि 1862 साली नगरमध्येच वारली. तेवीस वर्षे तिने इथे मुलींच्या शाळा चालवल्या. 1848 साली जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले आणि त्यांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीमाईंनीही फॅरारबाईंच्या संस्थेत शिक्षिकेचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पण इथेच थांबून एक प्रश्न विचारा. फॅरारबाईंची शाळा फक्त जोतीरावांनी पाहिली का? मुंबईत, पुण्यात, नगरमध्ये मिशनच्या शाळा शेकडो शिकलेल्या सवर्णांनी पाहिल्या. कित्येक जण त्यात शिकले, कित्येकांनी तिथे मास्तरकी केली. त्यांना त्या शाळेत इंग्रजी दिसले, नोकरी दिसली. जोतीरावांना तिथे आपल्या घरातली बाई शिकताना दिसली, महार-मांगांचे पोर शिकताना दिसले. त्यांनी मिशनची पद्धत घेतली, मिशनचा धर्म घेतला नाही. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण-चिखल झेलून शाळा उभी राहिली ती आपल्या माणसांच्या हिमतीवर.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मुक्ता. 1842 साली नगरहून 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक निघाले. त्याच 'ज्ञानोदया'त 1855 साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातल्या मुक्ताचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल त्या पोरीने केला. छापखाना मिशनचा, शाळा फुल्यांची, पण प्रश्न मुक्ताचा. तो तिला कुणी शिकवलेला नव्हता. तो मांगवाड्यातून आला होता.

आता कॅथलिकांकडे येऊ. नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट फादर आले ते 1876-78 च्या दुष्काळाच्या सुमारास. राहुरी तालुक्यातले केंदळ हे त्यांचे पहिले ठाणे. 1886 साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि नगर जिल्ह्याचे काम त्याखाली आले. मग संगमनेर, वळण, नेवासे, श्रीरामपूर असा विस्तार होत गेला. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांना इंग्रज सरकारने शत्रू ठरवून नजरकैदेत टाकले, तरी काम थांबले नाही. पुढे ते स्वित्झर्लंडच्या फादरांनी सांभाळले.

पण या कामाचा खरा कणा फादर नव्हताच. तो होता 'मास्तर'. गावोगावच्या महारवाड्यात राहणारा आपल्यातलाच माणूस, जो दिवसा पोरांना बाराखडी शिकवी आणि संध्याकाळी प्रार्थना घेई. चर्चच्या भाषेत तो कॅटेकिस्ट, लोकांच्या भाषेत मास्तर. विचार करा, ज्या वस्तीत तलाठ्याचा कागद वाचायला कुणी नव्हते, तिथे कागद वाचणारा, अर्ज लिहिणारा माणूस राहायला आला. गावच्या पाटलाला फादरपेक्षा या मास्तराचा धसका जास्त असणार. चर्चमधली मिस्सा त्या काळी लॅटिनमध्ये चाले. म्हणजे ज्यांनी वेदाचा शब्द ऐकला तर कानात शिसे ओतायची भाषा शास्त्रे करत होती, त्यांची पोरे लॅटिन म्हणत होती! त्यातले अवाक्षर कळत नसेल, पण 'पवित्र भाषा' उच्चारल्याने जीभ झडत नाही, एवढे मात्र त्यांना पक्के कळले.

"पण ते भाकरीसाठी गेले," असे हिणवणारे आजही आहेत. त्यांना उलट विचारा, भूक कुणी तयार केली होती? दुष्काळ सगळ्यांवर आला, पण मरण आधी महारवाड्यात आले. वतनाच्या नावाखाली राबराब राबवून घेणाऱ्या गावाने दुष्काळात आपल्या माणसांना काय दिले? विहीर तरी दिली का? ज्याने भाकर दिली त्याच्याकडे माणूस गेला तर त्यात लाज त्याला नाही, गावाला वाटली पाहिजे. आणि भाकर दुष्काळापुरती होती. पोराला शाळेत ठेवायचे तर त्याची मजुरी बुडत होती, गावाचा रोष ओढवत होता. तरी आईबापांनी पोरे शाळेत ठेवली. हे आमिष नव्हे, हा निर्णय आहे.

या शाळांनी काय मिळवून दिले? शिक्षक आणि नर्सेस दिल्या. नगरच्या सर डी. एम. पेटिट उद्योगशाळेने हाताला कसब दिले, जातीने ठरवून दिलेल्या कामाबाहेरचे कसब. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय अशा जेझुइट शाळांतून खेड्यातली पोरे मॅट्रिकपर्यंत गेली. 1947 साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभे केले, त्याची मुळे याच मिशनच्या परंपरेत आहेत. हे ऋण आहे. ते मान्य करायला आंबेडकरवाद्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

पण ऋण मान्य केले की हिशोब संपत नाही. तो बाबासाहेबांनी मांडला आहे. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर लेखन आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावे. मिशनऱ्यांनी शिक्षण आणि आरोग्यात किती काम केले हे ते मोकळेपणाने सांगतात. मग विचारतात की, याने ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात गेली का? सतराव्या शतकात मदुराईला रॉबर्ट डी नोबिली या जेझुइटाने स्वतः ब्राह्मणासारखा वेष केला आणि उच्चवर्णीयांना जवळ करण्यासाठी जातीशी तडजोड केली, हा इतिहास ते समोर ठेवतात. मिशनचा पैसा मोठ्या शाळा-दवाखान्यांवर खर्च होतो, त्याचा फायदा वरच्या जाती घेतात आणि ख्रिस्ती अस्पृश्य आहे तिथेच राहतो, हा त्यांचा आक्षेप आहे. या माणसाला दोन गोष्टी हव्यात, नागरी हक्कांचे संरक्षण आणि आर्थिक उन्नती, असे ते बजावतात.

आज आपल्या शहरांकडे पाहा. 'कॉन्व्हेंट' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे काय येते? प्रवेशासाठीची रांग, फी आणि मोटारीतून उतरणारी पोरे. ज्यांच्या आज्याने गावात मिशनच्या पोराला पाणी नाकारले, त्यांचा नातू तिथे फाडफाड इंग्रजी शिकतो. आणि ज्या महारवाड्यात ही परंपरा जन्मली, तिथले ख्रिस्ती पोर बऱ्याचदा झेडपीच्या शाळेत असते. एल्फिन्स्टनला उलटी भीती वाटत होती. शिक्षण खालून वर जाणार नाही म्हणे! ते वर गेले आणि वरच राहिले.

दुसरा हिशोब सरकारकडे मागायचा आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली त्यात शीख आले. आपण बौद्ध 1990 साली आलो, तेही चौतीस वर्षे झगडून. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. शिष्यवृत्ती नाही, राखीव मतदारसंघ नाही, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा धर्माचा अडसर काढण्याची शिफारस केली. 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आपल्यातले काही जण म्हणतात, "ते गेले ना, मग त्यांचे ते बघतील. आपल्या ताटात वाटेकरी नको." मित्रांनो, 1990 पूर्वी आपल्याबद्दल नेमके हेच बोलले जात होते. वाटेकरी नको असेल तर ताट मोठे करण्यासाठी भांडा, भावाला उठवू नका.

शेवटी श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला चला. डिसेंबर 1939 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली इथे महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद झाली. वतनी जमिनींवर सरकारने वाढवलेल्या आकारणीविरुद्ध आपली माणसे इथे जमली होती. त्याच हरेगावात दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते आणि हजारो ख्रिस्ती बांधव येतात. एकाच आजोबाची नातवंडे. एक नातू जयभीम म्हणतो, दुसरा येशू म्हणतो, पण गावकुसाबाहेरचा पत्ता दोघांचा एकच होता. आणि आज जिल्ह्यात काय चालले आहे? 2014 साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. 2017 साली खालच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. शाळेचे दार उघडून दीडशेहून जास्त वर्षे झाली, पण पोर शाळेतून सुखरूप घरी येईल याची हमी अजून नाही.

म्हणून त्या दोन मेसेजना उत्तर देताना एवढे सांगा. दार मिशनने उघडले, त्याचे आभार. आत जाण्याची हिंमत आमच्या आज्या-पणज्यांची होती, तिचे श्रेय कुणालाही देणार नाही. आणि येत्या 3 जानेवारीला नुसता मेसेज पुढे ढकलू नका. आपल्या वस्तीतल्या जुन्या ख्रिस्ती मास्तरांच्या घरी जा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. ती माणसे एकेक करून चालली आहेत, आणि आपला इतिहास आपण लिहिला नाही तर तो असाच दुसऱ्यांच्या मेसेजमधून येत राहील.

जयभीम! जय फुले! जय सावित्री!