कंपनी : साताऱ्याची व सांगलीची

इंग्रजी ‘कंपनी’ शब्दाचें मूळ लॅटिन आहे. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, एवढाच त्याचा धात्वर्थ. साताऱ्यास मात्र हा शब्द आला तो राजसत्तेचा शिक्का घेऊन. १८१९ सालीं प्रतापसिंह महाराजांशीं तह केला तो ‘कंपनी सरकार’नें, १८३९ सालीं त्यांस पदच्युत करून काशीस धाडलें तेंहि त्याच सरकारनें. हें सरकार म्हणजे वस्तुतः भांडवलाचे हिस्से घेतलेल्या व्यापाऱ्यांचा संघ आहे, याचा प्रत्यय महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांस लंडनांत आला. धन्याची दाद लावण्यासाठीं ते १८५३ पर्यंत तेथें झगडले. एका राज्याच्या न्यायाचा प्रश्न, आणि तो वादाला निघे हिस्सेदारांच्या सभेंत! यश आलें नाहीं. महाराज १८४७ सालीं काशीसच वारले, आणि पुढच्याच वर्षीं, गादीवर बसविलेले त्यांचे बंधु शहाजी वारतांच, दत्तक नामंजूर होऊन राज्य खालसा झालें.

सांगलीकडे हाच शब्द निराळ्या वेषांत दिसतो. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलींत ‘सीतास्वयंवर’ केल्यावर पुढें गांवोगांव फिरणाऱ्या नाटकमंडळ्या निघाल्या. पाटीवर ‘मंडळी’, लोकांच्या तोंडीं ‘नाटक कंपनी’. एका बिऱ्हाडीं राहून एका पंगतीस जेवणाऱ्या या नटांनीं, नकळत कां होईना, शब्दाचा मूळ अर्थ पाळला. व्यापाऱ्यांना तो साधला नव्हता.

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील माळावर नांगरांचा कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. या मुलखांत ‘कंपनींत आहे’ असें ज्याच्याविषयीं सांगतात, तो हिस्सेदार नव्हे, कारखान्यांतला कामगार.