एक मीटर आणि बारा मिलिमीटर : हिंगोलीचा जुना लोहमार्ग व टेबलावरच्या गाड्यांचा इतिहास

इसवी सन १९१२ मध्ये निजामाच्या रेल्वेने पूर्णा जंक्शनपासून एक फाटा काढला आणि तो सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला, हिंगोलीपर्यंत नेला. वसमत, बोल्डा, नांदापूर अशी स्थानके घेत जाणाऱ्या या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर होते फक्त एक मीटर. २००८ मध्ये अकोला–पूर्णा मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि हिंगोलीत ब्रॉडगेज गाड्या येऊ लागल्या. मधल्या ९६ वर्षांत हिंगोलीने जी रेल्वे पाहिली, ती आज कोठेही उभी नाही. ती पुन्हा पाहायची असेल तर एकच मार्ग उरतो : ती कोणीतरी लहान आकारात, मापाबरहुकूम घडवावी लागेल. हे काम किती अवघड आहे, हे कळण्यासाठी टेबलावरच्या गाड्यांचा इतिहास आणि भारतीय रुळांच्या रुंदीचा इतिहास, असे दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

आरंभ रुंदीपासून करू. लॉर्ड डलहौसीला भारतात सहा फुटांचे रूळ हवे होते. तडजोड होऊन साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, ही रुंदी ठरली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी याच रुंदीवर धावली. पुढे खर्च परवडेना, म्हणून लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० च्या सुमारास, दुय्यम मार्गांसाठी अरुंद रूळ स्वीकारले गेले. भारतात लवकरच दशमान पद्धती येणार, असे तेव्हा सरकारात घाटत होते. म्हणून त्यांची रुंदी नेमकी एक मीटर ठरवली गेली. ती पद्धत आली स्वातंत्र्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. बाजारात शेर-मणाचा व्यवहार चालू असताना लोहमार्ग मात्र पाऊणशेहून अधिक वर्षे मीटरने मोजला जात होता, ही इतिहासातली एक मौजच म्हणायची.

निजामाच्या राज्यातील वाडी–सिकंदराबाद हा १८७४ चा मार्ग ब्रॉडगेज होता. परंतु मराठवाड्यातून मनमाडपर्यंत जाणारी हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे ही शतकाच्या वळणावर मीटरगेजवर बांधली गेली, आणि हिंगोलीचा फाटा तिलाच जोडलेला असल्याने त्याच रुंदीचा झाला. हिंगोली ही हैदराबाद कॉन्टिन्जन्टच्या छावणीची आणि कापसाच्या व्यापाराची जुनी जागा. तरीही स्वातंत्र्य मिळेपर्यंत ती या मार्गाचे शेवटचे टोकच राहिली. त्यानंतर रूळ अकोला व खंडव्याकडे जोडले गेले, आणि एके काळी टोकाचे असलेले हे स्थानक दक्षिण-उत्तर मीटरगेज वाहतुकीच्या हमरस्त्यावर आले. काचीगुडा–जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने जात असे.

लहान गाड्यांची कथा याच काळात, मात्र फार दूर, सुरू झाली होती. जर्मनीतील ग्योपिंगन येथील मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लायप्झिगच्या वसंत मेळाव्यात खेळण्यांच्या गाड्यांसाठी ठरावीक रुंदीचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. तोपर्यंत खेळण्यातली गाडी म्हणजे एकटी वस्तू होती. ती फरशीवर ढकलायची आणि थांबली की उचलून ठेवायची. ठरलेल्या मापाचे रूळ आल्यावर गाडीबरोबर मार्ग विकत घेता येऊ लागला, तो दरवर्षी वाढवता येऊ लागला. छंद म्हणून लघुरेल्वेचा जन्म इंजिनात नव्हे, रुळांच्या प्रमाणीकरणात झाला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

भारतात ही वस्तू प्रथम राजवाड्यांत पोहोचली, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका मराठा घराण्याचे आहे. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या टेबलावर चांदीची विजेवर चालणारी गाडी बसवली. ती इंग्लंडमधील बॅसेट-लोके कंपनीने बनवली होती. सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावाची सात अक्षरे आहेत. जेवणानंतर ही गाडी मद्याच्या सुरया व सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. कोणी सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की पुढे निघे. याच माधवरावांना खऱ्या रेल्वेचेही वेड होते आणि त्यांच्या संस्थानात दोन फूट रुंदीची नॅरोगेज रेल्वे उभी राहिली. टेबलावरची चांदीची गाडी मात्र कोणत्याही खऱ्या गाडीची प्रतिकृती नव्हती. तो वैभवाचा खेळ होता.

खरी प्रतिकृती करायची तर प्रमाण लागते. १९३० च्या दशकात युरोपात दिवाणखान्यातील टेबलावर मावतील अशा गाड्या आल्या आणि पुढे ‘एचओ’ हे प्रमाण जगभर रूढ झाले. त्यात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७ व्या हिश्श्याएवढी असते आणि रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर असते. हा आकडा युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून आला आहे; १४३५ ला ८७ ने भागून पाहावे. ब्रिटिशांनी मात्र रूळ तेच ठेवून गाड्या ७६ व्या हिश्श्याच्या केल्या, कारण त्यांची इंजिने आकाराने लहान असल्याने एचओ प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावणे कठीण होते. परिणामी गेली अनेक दशके तेथील गाड्या आपल्या मानाने अरुंद रुळांवर धावत आहेत, आणि हौशी मंडळी त्यावर अजूनही वाद घालत असतात.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक घर मिळाले ते पुण्यात. भाऊ जोशी यांनी आधी फिरत्या प्रदर्शनांतून आपली लघुरेल्वे लोकांना दाखवली, आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये लघुरेल्वेचे कायमस्वरूपी संग्रहालय खुले केले. हॅम्बुर्गचे ‘मिनिएचर वुंडरलँड’ आज जगातील सर्वांत मोठी लघुरेल्वे म्हणून ओळखले जाते; ते सुरू झाले २००१ मध्ये. म्हणजे पुण्याचे संग्रहालय त्याच्याहून तीन वर्षांनी वडील आहे. तेथे वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत आणि जर्मनीतील वुपरताल शहराच्या लोंबत्या रेल्वेपर्यंत अनेक प्रकार एकाच नगरात धावतात. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, सिग्नल आहेत, दिवे मंद करून उतरवलेली रात्र आहे. सांधे बदलणे, एका गाडीला थांबवून दुसरीला वाट देणे, ही कामे खऱ्या स्थानकातल्याप्रमाणेच नियंत्रणफलकावरून चालतात.

या नगरातल्या गाड्या बहुतांशी युरोपीय आहेत. यात दोष काढण्यासारखे काही नाही, कारण बाजारात भारतीय गाड्यांच्या तयार प्रतिकृती जवळजवळ नव्हत्याच. शिवाय ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध पूर्णपणे उठले ते एप्रिल २००१ मध्ये. त्याआधी परदेशी इंजिन मिळवायचे म्हणजे प्रवासाहून परतणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेवर विसंबायचे. जे मिळाले त्यावर त्या पिढीने छंद उभा केला. परंतु त्यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली : मराठी मुलाने लहान आकारात पाहिलेली पहिली रेल्वे पुष्कळदा युरोपातली होती.

भारतीय गाडी करू पाहणाऱ्याला पहिला अडथळा रुळांचाच येतो. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर एचओ प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. तयार रूळ मिळतात साडेसोळाचे. फरक पावणेतीन मिलिमीटरचा, पण समोरून पाहताच तो जाणवतो. भारतीय इंजिनाचा तो रुंद, पाय रोवून उभे राहण्याचा ढंग हरवतो. बहुतेक हौशी मंडळी हा दोष पत्करतात. न पत्करणारे स्वतः रूळ ओढतात, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर धातूचे रूळ एकेक करून बसवतात, आणि एका सांध्यावर कित्येक संध्याकाळी घालवतात.

हिंगोलीच्या मार्गाचे गणित वेगळे आहे. एक मीटर भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. अडचण पुढे येते. पूर्णा ते हिंगोली हे सगळे अंतर याच प्रमाणात मांडायचे झाले तर ९२० मीटर लांब खोली लागेल. घरात मावतो तो आठ बाय चार फुटांचा प्लायवूड. त्यावर खऱ्या जगातली २१२ मीटर लांब आणि १०६ मीटर रुंद एवढीच जागा बसते. मीटरगेजचा प्रवासी डबा सुमारे साडेएकोणीस मीटर लांब, म्हणजे प्रतिकृतीत साडेबावीस सेंटिमीटर. दहा डबे जोडले की गाडीने फळीची जवळजवळ सगळी लांबी व्यापली. इंजिनाला जागा उरली नाही. वळणांचे तर विचारूच नये. भारतीय मीटरगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १०९ मीटर असते. तिचे सव्वा मीटर होतात, आणि असे वळण पूर्ण फिरवायला अडीच मीटर रुंदी हवी. फळीची रुंदी त्याच्या निम्मी.

म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते, आणि येथे छंद इतिहासलेखनाच्या अगदी जवळ येतो. फलाट निम्मा करता येतो. पाण्याची टाकी गाळता येत नाही, कारण वाफेच्या काळात तिच्याशिवाय स्थानक चालत नसे. दहाऐवजी चार डबे चालतात, पण मालधक्क्याशिवाय कापसाच्या गावाचे स्थानक ओळखू येणार नाही. कालखंडही निवडावा लागतो. वायपी जातीचे प्रवासी गाडीचे इंजिन ठेवले तर निजामाची रेल्वे दाखवता येत नाही, कारण ती इंजिने स्वातंत्र्यानंतरची. वायडीएम-४ डिझेल आणले तर धुराने काळवंडलेले इंजिनघर शोभत नाही. एका चुकीच्या इंजिनाने सबंध दृश्याचा काळ खोटा ठरतो, आणि जाणकार पाहुणा पहिल्यांदा बोट ठेवतो ते नेमके तेथेच.

१९९२ मध्ये सुरू झालेल्या एकमापी रुळांच्या योजनेने देशभरातील मीटरगेज संपवत आणले. त्याची कारणे रास्त होती. दोन रुंदींच्या संगमावर प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे, आणि त्यात वेळ, मजुरी व माल तिन्ही वाया जात. अकोल्याच्या उत्तरेला अकोटपर्यंतचा शेवटचा तुकडाही २०१७ मध्ये बंद झाला. रुंदीकरणात जुने रूळ उखडले जातात आणि फलाटाची उंची बदलते. जुन्या मापांचा पुरावा उरतो तो कोणाच्या तरी छायाचित्रात, सेवानिवृत्त सांधेवाल्याच्या आठवणीत, वेळापत्रकाच्या जीर्ण पानावर. हे गोळा करण्याची घाई आहे, कारण या मार्गावर वाफेचे इंजिन हाकलेली पिढी आता थकली आहे.

रूळ मात्र तयार मिळतात. एचओ प्रमाणात मीटरगेजसाठी १२ मिलिमीटर रुंदीचे रूळ बनतात, आणि साडेअकराच्या जागी बारा हा फरक डोळ्यांना कळत नाही. ते बनवले जातात मुख्यतः स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातील रेटियन रेल्वेच्या चाहत्यांसाठी, कारण तीही एक मीटर रुंदीची आहे. बर्फाच्या घाटांसाठी घडवलेले तेच रूळ काळ्या मातीच्या रंगात रंगवले, बाजूला बारीक खडी पसरली आणि पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ लिहिले, की १९१२ ची रुंदी पुन्हा फळीवर येते.