थापटणे कोणाच्या हाती?

साखर कारखान्यातील पॅनमन शिजत्या पाकाचा नमुना काचेवर घेतो, उजेडापुढे धरतो आणि दाणा कितपत धरला ते न्याहाळतो. माळशिरस तालुक्यातील श्रीपूरकरांना याचे नवल नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापिलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे या गावाचे नाव साखरेशी जोडले गेले. पाकाची पारख तर रोज होते. पाक शिजविणाऱ्याने स्वतःचीही पारख करावी, असे हल्ली कारखान्यांतून व कचेऱ्यांतून सांगतात. त्यासाठी शिबिरे भरवितात, आणि विचार नवा म्हणून मांडतात. आम्हांला तो नवा वाटत नाही.

आषाढीला तुकोबांची पालखी अकलूजहून बोरगावकडे जाते ती याच भागातून. त्या परंपरेतले आरंभीचे संत म्हणजे कामकरी मंडळी. माढा तालुक्यातील अरणचे सावतोबा (निर्वाण 1295) मळ्यातच रमले. पंढरी इतकी जवळ, तरी भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठ्ठल दिसला. तेरच्या गोरोबाकाकांची कथा याहून झोंबणारी. कुंभार ज्या थापटण्याने मडके ठोकतो, तेच उचलून त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटली. बाकीचे गप्प बसले; नामदेव रागावले, आणि त्यांचेच मडके कच्चे ठरले! पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो न उतरो, तिच्यातले मर्म खरे आहे. आत्मपरीक्षणाचे हत्यार इथे धंद्यातलेच आहे, आणि ते नामवंतांच्या डोक्यावर चालते.

हा दुसरा भाग आजची शिबिरे विसरतात, अशी आमची तक्रार आहे. इगतपुरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरे होत आली. ती सुरू करणारे गोएंका ज्यांच्याकडे शिकले, ते ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. आपल्या कचेरीतल्या लोकांसाठी त्यांनी ध्यानवर्ग चालविला. पण स्वतः ते 1937 पासून साधना करीत होते. साहेब आधी बसला, मग कारकून. नुसत्या कामगाराला ‘शांत हो, आत पाहा’ म्हणणे सोपे आहे. मजुरी, पाळी, यंत्रापाशी होणारा अपघात यांविषयी तो बोलू लागला, की त्याचे मन अशांत ठरते!

मंगळवेढ्याचे चोखोबा आठवावेत. आत पाहण्यात त्यांच्याहून पुढे कोण होते? तरीही गावकुसाच्या कामावर त्यांना राबावे लागले, आणि 1338 साली ती भिंत कोसळून इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. त्या कामावर लावणाऱ्यांचे मडके कोणी थापटून पाहिल्याची कथा आमच्या ऐकिवात नाही. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचून पंढरपुरास आणल्या त्या नामदेवांनी, असे परंपरा सांगते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेवांच्या पायरीपाशी.